आमच्या गावापुरता बिघाड

परवा टायर बदलायला गाडी दिली आणि दुकानाच्या वेटिंग रूममध्ये बसून राहिलो. कॉफी करपलेली, मासिकं गेल्या सालातली, कोपऱ्यात टीव्ही. त्याच्या खालच्या पट्टीत हवामान चाललं होतं. आमच्या गावाचं नाव, शेजारी ढग, आणि तापमानाच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा. गाव आहे, ढग आहे, तापमान तेवढं नाही. बाकीची मंडळी फोनात डोकं घालून बसलेली. मला मात्र एकदम गंमत वाटली, आणि आई आठवली.

नव्वदीत न्यू जर्सीत आलेल्यांना वेदर चॅनल काय ते सांगायला नको. मिनिटकाटा आठावर, अठरावर, अठ्ठावीसवर आला की निवेदक गायब व्हायचा, संथ सॅक्सोफोन सुरू व्हायचा आणि जांभळ्या-केशरी पडद्यावर आपल्या गावाचं हवामान यायचं. भारतातून आलेले आई-वडील दुपारभर हेच लावून बसायचे. ज्यांच्याकडे जावं त्यांच्याकडे हेच. इतर चॅनलवर लोक फार भराभर बोलतात. इथे कुणी बोलत नाही, आकडे वाचता येतात, आणि मध्ये कुणी कुणाचे मुके घेत नाही.

आमच्या आईला त्यातलं पंचांगाचं पान विशेष आवडायचं. त्यावर आजचा-उद्याचा सूर्योदय-सूर्यास्त आणि खाली चार चंद्र, तारखांसकट. सामानातून आणलेलं 'कालनिर्णय' स्वयंपाकघरात टांगलेलं होतं, पण त्यातले चंद्रोदय मुंबई-पुण्याचे. इथे त्यांचा काय उपयोग? शिवाय तिकडची शनिवारची संकष्टी इकडे कधीकधी शुक्रवारीच येते. त्यावरून आठवड्याच्या शेवटी मराठी मंडळींमध्ये जे वाद होतात त्यात मी पडत नाही. आई टीव्हीवरची पौर्णिमा बघायची, बोटांवर मोजायची आणि चतुर्थी ठरवायची. चंद्रोदयाची वेळ ते पान देत नसे. तेवढ्यासाठी ती शाल घेऊन गॅलरीत उभी राहायची.

"अरे, आज चारही पौर्णिमा दाखवतायत," एकदा ती म्हणाली.

बघितलं तर खरंच. चार तारखा, चार गोल गरगरीत चंद्र. महिनाभर अमावास्या नाहीच.

ही पानं अटलांटाहून, म्हणजे चॅनलच्या मुख्य ऑफिसातून, तयार होऊन येत नसत. आकडे तिथून यायचे, उपग्रहावरून, टीव्हीच्या चित्रातल्या ज्या ओळी पडद्यावर दिसत नाहीत त्यांत दडून. केबलवाल्याकडे एक खोकं असायचं, वेदरस्टार 4000. प्रत्येक खोक्याला स्वतःचा पत्ता. देशभराच्या आकड्यांतून आपल्या पत्त्यावरचे तेवढे उचलायचे, अक्षरं आणि ढग-सूर्य स्वतः मांडायचे, नि ते मूळ चित्राच्या जागी सोडायचे. खोकं कॅनडात हॅलिफॅक्सला तयार झालेलं, 1990 च्या सुमाराचं. नव्वदी संपता संपता मोठ्या शहरांना त्याच्या पुढचं, एक्सएल नावाचं यंत्र मिळालं, त्यात माणूस बोलायचाही. आमच्यासारखी गावं राहिली जुन्यावरच. टॉवरशेजारच्या कुठल्यातरी बिनखिडकीच्या खोलीत ते रात्रंदिवस चालू असणार, पंख्यात धूळ, कपॅसिटर सुकत आलेले. दहा-पंधरा वर्षं न थांबता चाललेल्या यंत्राचं आणखी काय होणार!

आधी अक्षरं घसरली. वाऱ्याचा वेग दवबिंदूच्या ओळीत जाऊन बसला. मग सूर्याचा वरचा भाग गेला आणि खालचे किरण तेवढे लोंबत राहिले. "तुमच्या सूर्याला आज डोकं नाही," आईने स्वयंपाकघरात येऊन वर्दी दिली. पावसाचे थेंब ढगाला सोडून भलतीकडेच, तारखेवर, पडायला लागले. एखाद्या दिवशी पान अर्धं रंगवून यंत्र थांबायचं, विचार केल्यासारखं, आणि मग सगळं निळं. सॅक्सोफोन मात्र चालूच. तो अटलांटाहून यायचा, त्याला या भानगडीचा पत्ता नव्हता. मी केबलवाल्याला फोन करायचो. पलीकडची बाई विचारायची, चॅनल दिसतंय ना? दिसतंय. आवाज येतोय ना? येतोय. मग?

मैल-दोन मैलांवर मित्र राहायचा. त्याचं गाव वेगळं, केबल कंपनी वेगळी, खोकं वेगळं. त्याच्याकडे सूर्य शाबूत. आकडे मात्र तेच, शब्दशः तेच, कारण ते दोघांच्याही गावातले नव्हते. ते विमानतळावरच्या उपकरणांनी मोजलेले, आणि विमानतळ दोघांपासूनही लांब. म्हणजे 'तुमच्या गावाचं हवामान' म्हणून आम्ही जे भक्तिभावाने बघत होतो त्यात आमच्या गावाचं काय होतं? फक्त बिघाड. तो मात्र खास आमचा, दुसऱ्या कुणाकडे नाही. त्या डोकं नसलेल्या सूर्याबद्दल मला जी आपुलकी वाटायला लागली ती तेव्हापासून. पुढे आमच्याकडे नवीन यंत्र आलं तेव्हा बायको म्हणाली, बरं झालं. मी काही बोललो नाही.

लहानपणी आमच्याकडे उलटं होतं. पुण्याला दूरदर्शन सिंहगडावरच्या टॉवरवरून यायचं, त्यामुळे तिथे काही झालं तर नारायण पेठेत आणि हडपसरला एकदमच मुंग्या. त्यात कुणी वेगळं नाही. बातम्यांच्या शेवटी हवामान. कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी. आमची पेठ त्या 'तुरळक'मध्ये धरलेली आहे की नाही हे खिडकीतून बघून ठरवायचं. बाबांची पद्धत त्याहून सोपी. त्यांचा सायकलचा रस्ता शिवाजीनगरला सिमला ऑफिसवरून जायचा. हवामान खात्याचं मुख्य ऑफिस 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं, 1944 साली दिल्लीला गेलं, सिमला मात्र पुण्यात राहिलं. बाबा फाटकापाशी सायकलचा वेग कमी करायचे आणि आत जाणाऱ्यांच्या हातात छत्र्या किती आहेत ते बघायचे. निम्म्याहून जास्त दिसल्या तर संध्याकाळची भाजी सकाळीच आणून टाकायचे. त्यांच्या मते यापेक्षा खात्रीचा अंदाज जगात नाही.

असो. 2014 च्या जूनमध्ये वेदर चॅनलने उपग्रहावरचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केलं आणि जिथे कुठे 4000 अजून धुगधुगत होती तिथेही संपली. काही हौशी मंडळींनी ती खोकी विकत घेऊन घरी आणून ठेवली आहेत. काहींनी ब्राउझरवर चालणारी हुबेहूब नक्कल केली आहे: तोच जांभळा-केशरी रंग, तीच अक्षरं, तेच ढग. आकडे मात्र आजचे. मी झिप कोड घालून बघितलं. एकही अक्षर घसरत नाही. चंद्र चार प्रकारचे. पाच मिनिटांत कंटाळून बंद केलं.

एका संध्याकाळी मात्र हसू आलं नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस, आकाश हिरवट-काळं झालेलं. टीव्हीवर खाली लाल पट्टी सरकायला लागली, सोबत तो कर्कश बीप. टॉर्नेडो वॉर्निंग, अमुक वाजेपर्यंत. आणि काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव यायची वेळ झाली की तिथे काळा चौकोन. पट्टी पुन्हा फिरली, पुन्हा चौकोन. मी रिमोट हातात घेऊन तिसऱ्या फेरीची वाट बघत उभा. आईला इंग्रजी पट्टी काय कळणार, पण तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, नातीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "नाव आपलंच आहे असं समज आणि चल."

खाली लॉन्ड्रीच्या खोलीत निम्मी बिल्डिंग जमली होती. प्रत्येक जण येणाऱ्याला तेच विचारत होता, कुठली काउंटी? सांगणार कोण? सगळ्यांचा केबलवाला एकच, खोकं एकच, चौकोनही तोच. वाऱ्याने दारं वाजत होती. शेजारच्या गुजराती बेनने पोरांना ड्रायरच्या मागे बसवलं होतं आणि आई त्यांना रामरक्षा म्हणायला लावत होती. तासाभराने वर आलो तर पार्किंगमध्ये एक झाड आडवं झालेलं, बाकी काही नाही. ती वॉर्निंग कुठल्या काउंटीसाठी होती ते मला आजतागायत माहीत नाही.