'गेट' या क्रियापदाशी माझी झटापट

इंग्लिश बऱ्यापैकी वाचता यायला लागलं तरी एका शब्दाने मला जाम छळलं, तो म्हणजे गेट. फाटक नाही हो, क्रियापद. लांबलचक शब्द डिक्शनरीत बघितला की एकदोन अर्थ, विषय संपला. गेट बघायला जावं तर मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, करवून घेणे, संपतच नाही, आणि सगळं पाठ करून वाक्यासमोर आलं की यातला नेमका कुठला लावायचा ते कळेना. इंग्लिशमधे हे बारके शब्दच डोकं खातात, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत सेट या क्रियापदाचे म्हणे 430 अर्थ होते, नंतर रन 645 वर गेलं!

शेवटी यादी दिली सोडून आणि गेटच्या पुढे काय येतंय तेवढंच बघायला लागलो. पुढे वस्तू असेल तर बहुतेक वेळा मिळणं नाहीतर आणणं, आय गॉट अ लेटर. विशेषण असेल तर होणं, इट इज गेटिंग डार्क म्हणजे अंधार पडायला लागलाय. जागा असेल तर पोचणं, वी गॉट होम लेट. निम्मं काम इथेच झालं. आणि आपलं लागणे तरी काय सरळ आहे का, भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, जावं लागतं, मूल रडायला लागतं, आपणही मागचा शब्द बघूनच समजतो की.

खरी मजा करवून घेण्यात आहे. आय कट माय हेअर म्हटलं तर स्वतःच कात्री चालवली असं वाटू शकतं, आय गॉट माय हेअर कट म्हटलं की दुसऱ्याकडून कापून घेतले. तसंच आय मेड हिम साइन म्हणजे दमात घेऊन सही करायला लावली, आणि आय गॉट हिम टू साइन म्हणजे पटवून, मागे लागून, कसंही करून सही मिळवली. हे टू कुठे येतं कुठे नाही यात मी बरेच दिवस अडकलो होतो, मोठ्याने वाक्यं म्हणून म्हणूनच ते जिभेवर बसलं.

मग लग्नाचं. ही वॉज मॅरीड म्हणजे तो तेव्हा लग्न झालेला होता, ही गॉट मॅरीड म्हणजे तेव्हा लग्न लागलं. आणि एका हॅवने तर अर्थच फिरतो, आय गॉट टू मीट हिम म्हणजे भेटायला मिळालं, आय हॅव गॉट टू मीट हिम म्हणजे भेटायलाच पाहिजे. त्यात बोलताना लोक तो हॅव खाऊन टाकतात, मग मागचंपुढचं बघून काय ते ओळखायचं. अमेरिकन लोकांचं गॉटन वेगळंच, त्यांच्याकडे हॅव गॉट म्हणजे जवळ आहे आणि हॅव गॉटन म्हणजे मिळवलंय. ऑफिशियल पत्रात मात्र मी गेट शक्यतो टाळतो, तिथे रिसीव्ह, बिकम बरं दिसतं.

गेट बाय, गेट ओव्हर, गेट अलाँग वगैरे मंडळी माझ्या युक्तीला दाद देत नाहीत, ती ऐकून ऐकूनच येतात. त्यातलं गेट अवे विथ सगळ्यात उशिरा कळलं, कारण डिक्शनरीत लिहिलेलं शिक्षा न होता निसटणे काही केल्या डोक्यात बसेना. एकदा मात्र लक्षात आलं की ही गॉट अवे विथ इट म्हणजे सरळ 'त्याने ते पचवलं'.