रोजच्या गाडीचे ब्रेक आणि टायर ट्रॅकसाठी तयार करताना

पुण्याबाहेर पडून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला आणि सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर अशी गावे मागे टाकत तो न सोडता जात राहिलो, तर चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक, लागतो. १९९० मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा आणि १२ वळणांचा आहे. माझी गाडी तेथे ट्रेलरवर चढून जात नाही. मला रोज कामावर नेणारी पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅकच साडेअकराशे किलोमीटर चालत जाते, दिवसभर ट्रॅकवर धावते आणि त्याच ब्रेकवर, त्याच टायरवर घरी परतते. तयारीचा प्रत्येक निर्णय मी या एका अटीवर तपासून घेतला.

पहिल्या खेपेला मात्र मी इंजिन ऑइल बदलले, अलाइनमेंट करून घेतले आणि ब्रेक रस्त्यावर चांगले लागतात एवढ्यावर समाधान मानले. दुसऱ्या सत्राच्या चौथ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला, तेव्हा पेडल नेहमीच्या जागी पायाला लागलेच नाही. पाय जवळजवळ तळापर्यंत गेला आणि भराभर तीनदा पंप केल्यावर कुठे दाब तयार झाला. मी वळण सोडून सरळ बाहेरच्या मोकळ्या जागेत गेलो. काही नुकसान झाले नाही, परंतु त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर उतरलो नाही. परतीच्या वाटेवर पेडल पूर्ववत कडक होते, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली, कारण गार झालेल्या ब्रेककडे पाहून कोणालाही काही बिघडले होते असे वाटले नसते.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. चालकासह गाडीचे वजन साधारण १००० किलो धरले आणि वेग ताशी १४० किलोमीटरवरून ७० वर आणला, तर वेग निम्मा होतो, पण गतिज ऊर्जा पावच उरते. म्हणजे सुमारे ५६७ किलोज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते, आणि तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतो. एवढ्या उष्णतेत जवळपास पावणेदोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येते. आणि हे एका वळणापुरते, चार-पाच सेकंदांत, दर फेरीला पुन्हा पुन्हा. घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या लायनरचा जळका वास आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. घाटात निदान गिअर खाली टाकून वेळ काढता येतो, ट्रॅकवर तेवढी उसंत मिळत नाही.

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातला द्रव असतो आणि तो हवेतली आर्द्रता शोषून घेतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. माझ्या गाडीतील द्रवाने तीन पावसाळे पाहिले होते. तो कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, उकळला, वाफेचे बुडबुडे झाले, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली गेले. पॅड जास्त तापल्यावर होणारा प्रकार याहून वेगळा असतो: तेव्हा पेडल कडकच राहते, पण गाडी थांबत नाही. हा फरक पायाला ओळखता आला पाहिजे, कारण पहिल्या दोषाचे उत्तर नवा द्रव आहे आणि दुसऱ्याचे वेगळे पॅड. मी चौकशी केली तेव्हा अनेकांनी थेट मोठ्या डिस्कचा सल्ला दिला होता. माझ्या पायाने सांगितलेली गोष्ट त्याहून स्वस्त आणि निश्चित होती.

दुसऱ्या खेपेसाठी ३१२ अंश कोरडा उत्कलनबिंदू असलेला मोतुल आरबीएफ ६०० हा द्रव घेतला. तोही डॉट ४ प्रतीचाच असल्याने गाडीच्या रबरी सीलना चालतो. सिलिकॉनचा डॉट ५ ही वस्तूच वेगळी. तो आपल्या ग्लायकॉलच्या व्यवस्थेत कधीही घालू नये. आमच्या भागातील एका जुन्या मेकॅनिकांकडे, ज्यांना मी काका म्हणतो, गाडी उचलून चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली. काकांनी आधी टाकीतला जुना द्रव सिरिंजने उपसून नवा भरला, मग गाडीच्या पुस्तकातील क्रमाने एकेका चाकाच्या ब्रेकमधली हवा काढायला घेतली. ते निपलवर, म्हणजे द्रव बाहेर सोडण्याच्या तोंडावर, पारदर्शक नळी लावून बसले आणि मी पेडलवर. “दाब... धरून ठेव... आता सोड,” एवढेच शब्द तासभर चालले. निपल बंद झाल्याचे त्यांनी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावले, कारण पाय आधी उचलला तर नळीतून हवा परत आत खेचली जाते. पेडल तळापर्यंत न दाबता निम्मेच दाबायला लावले. पेडलच्या दाबाने द्रव पुढे ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरचा न वापरलेला भाग खडबडीत झालेला असतो आणि त्यावरून सील गेले तर ते फाटू शकते. पुढच्या कॅलिपरमधून निघालेला द्रव चहाच्या रंगाचा होता. टाकीतील पातळी खालच्या रेषेच्या वर राखणे, रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुणे आणि उघडलेल्या बाटलीतला उरलेला द्रव पुढच्या वेळेसाठी न ठेवणे, हे नियम आम्ही काटेकोर पाळले.

पुढचे पॅड जास्त तापमान सोसणारे, परंतु गार असतानाही पकडणारे असे निवडले. निव्वळ शर्यतीचे पॅड तापल्याखेरीज नीट धरत नाहीत, आणि पहाटे साताऱ्याच्या रस्त्यावर आडवे आलेले जनावर पॅड तापण्याची वाट पाहणार नाही. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडली. ती पुरेशी होती म्हणून बदलली नाही. मागचे ड्रम उघडून साफ केले, लायनर पाहिले आणि ताण जुळवून घेतला.

नव्या पॅडचे बेडिंग, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसवून घेणे, मी एका रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर केले. ताशी ८० वरून २० पर्यंत दहा वेळा दमदार ब्रेक लावला, मात्र एकदाही गाडी पूर्ण थांबवली नाही, आणि त्यानंतर वीस मिनिटे ब्रेक न लावता हळू चालवत डिस्क गार केल्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिले तर त्या जागी पॅडच्या पदार्थाचा ठसा उमटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरते. डिस्क वाकडी झाली असे लोक म्हणतात, त्यात पुष्कळदा हाच ठसा असतो.

टायर मी नवे घेतले नाहीत, आणि हा निर्णय योग्य ठरला. नव्या टायरचे उंच ठोकळे कोरड्या ट्रॅकवर लचकतात आणि लवकर तापतात. निम्मे झिजलेले, पण १.६ मिलिमीटरच्या झीजखुणेपासून बरेच वर असलेले टायर अधिक स्थिर वाटतात. बाजूच्या भिंतीवरील चार आकडी तारखेवरून वय पाहिले, आतली भिंत हाताने चाचपून फुगवटा किंवा चीर नाही याची खात्री केली, आणि जुनी चिकटवलेली वजने पडू नयेत म्हणून बॅलन्सिंग पुन्हा करून घेतले.

हवेच्या दाबाचा खेळ ट्रॅकवर गेल्यावरच कळतो. पुढच्या टायरमध्ये गार असताना ३३ पीएसआय हवा होती. पहिल्या पंधरा मिनिटांच्या सत्रानंतर ती ४० झाली आणि गाडी वळणात बाहेर सरकू लागली. हवा कमी करताना केवळ गेजवर विसंबलो नाही. टायरच्या खांद्यावर पांढऱ्या खडूने आडव्या रेघा ओढल्या होत्या. त्या टायरच्या कडेवर उमटवलेल्या छोट्या त्रिकोणापर्यंत पुसल्या गेल्या तर टायरचा योग्य तेवढा भाग वापरला जातो, त्रिकोणाच्याही खाली गेल्या तर भिंत दुमडत आहे. माझ्या गाडीला तापल्यावर ३६ हा दाब मानवला. डावीकडचा पुढचा टायर सर्वांत जास्त झिजला, कारण हा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि उजव्या वळणांत भार डावीकडे जातो.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढली. आत आल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावला, हँडब्रेक ओढला नाही. तापलेला ड्रम गार होताना आकुंचन पावतो आणि लायनर त्यात अडकू शकतात. पाच सत्रांत पेडल एकदाही खाली गेले नाही. संध्याकाळी टायर गार झाल्यावर पुढचा दाब २९ दिसला. तो पुन्हा ३३ केला, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासले आणि मगच महामार्गावर निघालो.

पुण्यात आल्यावर काकांकडे पुढची चाके काढली. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड सारखे झिजले होते. डावीकडे आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दोन मिलिमीटर पातळ निघाला. कॅलिपरची खालची सरकपिन ग्रीस सुकून जाम होऊ लागली होती. ती साफ करून सिलिकॉन ग्रीस लावली, फाटलेला रबरी बूट बदलला, आणि त्याच बैठकीत ब्रेक ऑइल पुन्हा नवे भरले.