चालतंय ना, मग पॅच परत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, येणाऱ्या डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या) फाइली मी तपासते, आणि पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, परत गेला की प्रश्न ठरलेला: "बोर्ड बूट होतोय, सगळं चालतंय, मग चार ओळींवरून एवढं कशाला?"

चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही, म्हणून. डीटीएसमध्ये, म्हणजे या वर्णनाच्या मूळ फाइलीत, हार्डवेअर कसं आहे ते लिहायचं असतं, ते चालवणाऱ्या ड्रायव्हरला काय सोयीचं ते नाही. ड्रायव्हर चुकला तर पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो. डीटीएसपासून बनलेलं डीटीबी मात्र बऱ्याचदा फर्मवेअरसोबत बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत जाऊन बसतं. कर्नल बदलला तरी ते तिथेच. म्हणून जुन्या डीटीबीवर नवा कर्नल चाललाच पाहिजे. कम्पॅटिबलमध्ये, म्हणजे चिप कोणती ते सांगणाऱ्या नावात, वाइल्डकार्ड (अनेक चिपना लागू पडेल असं मोघम अक्षर) नको म्हणते तेही त्यासाठीच.

याच नियमापायी एकदा खऱ्या माणसाला नाही म्हणावं लागलं. एका ऑडिओ कोडेकची, म्हणजे आवाज हाताळणाऱ्या चिपची, रीसेट पिन अ‍ॅक्टिव्ह लो, म्हणजे लाइन खाली गेली की चिप रीसेटमध्ये. बोर्डांच्या डीटीएसमधल्या फ्लॅगमध्ये (लाइन वर असताना रीसेट की खाली असताना, हे सांगणाऱ्या खुणेत) मात्र ती अ‍ॅक्टिव्ह हाय लिहिलेली. ड्रायव्हरही उलटा: 1 म्हणजे 'रीसेट लागू' असताना तो रीसेट सोडताना 1 लिहायचा. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि आवाज येत होता. एकाने दोन्ही सुधारून पॅच पाठवला. स्कीमॅटिक, डेटाशीट, सगळं चोख. तरी मी अडवला. जुनं डीटीबी असलेल्या बोर्डावर नवा ड्रायव्हर रीसेट सोडायला 0 लिहिणार, फ्लॅग हाय असल्याने लाइन खरोखरच खाली जाणार, आणि चिप रीसेटमध्येच अडकणार. कर्नल अपडेट केला आणि आवाज गेला, याचं उत्तर वापरणाऱ्याला कोण देणार?

"म्हणजे खोटं आहे ते तसंच ठेवायचं?" त्याने विचारलं. ड्रायव्हरने जुनं डीटीबी ओळखावं, असं मी सुचवलं. नुसत्या फ्लॅगवरून ते ओळखता येत नाही, हे त्याचं उत्तर बरोबरच होतं. त्यानंतर त्याचा पॅच आला नाही.

सुरुवातीची मी त्याच्याच बाजूने भांडले असते. तिला मी सांगते, कोणाचा चालता बोर्ड बंद पाडून वर्णन शुद्ध करायचा हक्क आपल्याला नाही. ती विचारते, मग तोच कोडेक घेऊन नवा बोर्ड आला तर काय लिहायला सांगशील? अ‍ॅक्टिव्ह हायच सांगावं लागतं, कारण ड्रायव्हर तसा आहे. आणि दर बोर्डागणिक दुरुस्ती आणखी अवघड होत जाते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तुमच्या पॅचमधल्या एका फ्लॅगवर मी अडून बसते ती यामुळे: तो अजून कोणाच्या फ्लॅशमध्ये गेलेला नाही.