पुसायचं नाही, टिपायचं

डिसेंबरातल्या त्या रात्री मला जाग आली ती रडण्याने नाही, खरखर आवाजाने. काहीतरी घासलं जात होतं, थांबत होतं, पुन्हा घासलं जात होतं. दिवा लावला. चार महिन्यांची माझी लेक डोळे मिटूनच मान इकडून तिकडे फिरवत होती आणि गाल दुपट्यावर घासत होती. दुपट्यावर रक्ताचे बारीक ठिपके पडले होते. तिला उचलून छातीशी धरलं तर तिने तोच गाल माझ्या स्वेटरवर घासायला सुरुवात केली. पहाटेपर्यंत मी तिचे दोन्ही हात धरून बसले होते.

बाळंतपण माहेरी, चिपळूणला झालं. ऑगस्टचा जन्म. कोकणातला पाऊस, हवाच ओली. तिथे असताना तिच्या गालांवर थोडी लाली यायची, पण दूध ओघळतं म्हणून असेल असं सगळे म्हणायचे आणि ती जायचीही. दिवाळीनंतर आम्ही नाशिकला आलो. निफाडचा पारा किती खाली गेला हे दर हिवाळ्यात पेपरात येतं. ती कोरडी थंडी आमच्याही घरात असते. मोठ्यांचे ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. लेकीचे गाल दोन आठवड्यांत लालभडक झाले. मग हातापायांच्या बाहेरच्या बाजूला खडबडीत चट्टे उठले, डोक्यात खपल्या धरल्या. लंगोटाची जागा तेवढी स्वच्छ राहिली.

घरात प्रत्येकाने काहीतरी सुचवलं, आणि प्रत्येकाने ते जीव लावून सुचवलं. सासूबाई डाळीचं पीठ, हळद आणि साय कालवून द्यायच्या. अंघोळीला येणाऱ्या मावशींचं पाणी चांगलं कढत असायचं आणि अंग चोळून लख्ख केल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. नणंदेने दुबईहून ऑलिव्ह ऑइल पाठवलं होतं. शेजारच्या काकूंनी कडुनिंबाचा पाला आणून दिला. मी स्वतः नैसर्गिक म्हणून विकला जाणारा एक सुगंधी साबण मागवला. अंघोळीनंतर ओवा, वावडिंग आणि धूप घालून धुरी. एका आठवड्यात त्या एवढ्याशा कातडीवर आम्ही आठ-नऊ गोष्टी लावल्या असतील, आणि कशाने बिघडतंय हे ओळखायची सोयच ठेवली नव्हती.

त्यातच एका औषधाच्या दुकानातून ‘लहान मुलांना चालतं’ असं सांगून एक ट्यूब दिली गेली. मी ती लावली. तीन दिवसांत गाल गुळगुळीत झाले. मी आनंदाने रडले. ट्यूब संपून आठवडा झाला नाही तोच लाली दुप्पट होऊन आली. ते तीन औषधांचं मिश्रण होतं आणि त्यातलं एक बरंच कडक स्टिरॉइड होतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कितीतरी मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. मला हे माहीत असतं तर तान्ह्या बाळाच्या गालावर मी ते कधीच लावलं नसतं. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या रात्रीनंतर सकाळीच आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी लेकीला पूर्ण उघडं करून पाहिलं आणि पहिला प्रश्न आम्हाला विचारला, घरात कोणाला दमा, सतत शिंका, असं काही? नवऱ्याला लहानपणी दमा होता. त्या म्हणाल्या, हा इसब आहे, एटॉपिक डर्मटायटिस. बाळांमध्ये तो बहुधा गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो, आणि लंगोटाखाली ओल राहते म्हणून ती जागा सहसा सुटते. संसर्गजन्य नाही. उष्णता नाही, नजर नाही, तुमच्या खाण्याचा दोष नाही. अशा बाळांच्या त्वचेचा वरचा थर मुळातच विरळ असतो. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं टोचणारं, चुरचुरणारं आत शिरतं. मग खाज येते, खाजवलं की थर आणखी फाटतो, आणि खाज आणखी वाढते.

मी कोकणातली, मला लगेच कौलारू घर डोळ्यांसमोर आलं. कौलं सरकली की आतून कितीही पुसा, गळती थांबत नाही. आधी घर शाकारावं लागतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर आधी काय बंद करायचं ते लिहिलं. पीठ, हळद, साय, पाला, सुगंधी साबण, धुरी, पावडर, ऑलिव्ह ऑइल, सगळं बंद. ऑलिव्ह ऑइलचं मला नवल वाटलं, पण त्यातलं ओलेइक आम्ल त्वचेचा थर उलट सैल करतं. आणि डाळीचं पीठ किंवा दूध यांसारखे खाण्याचे पदार्थ फाटलेल्या त्वचेवर रोज लागत राहिले तर पुढे त्याच पदार्थांची अॅलर्जी जडू शकते.

मग अंघोळ. हे मी सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे खरा फरक इथेच पडला. पाणी कोमट, म्हणजे कोपर बुडवल्यावर ना गरम लागेल ना गार. वेळ पाच मिनिटं, फार तर दहा. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ न्हाणीघराबाहेर आणून टांगलं. साबणाच्या जागी बिनवासाचं सौम्य क्लेंझर, तेही फक्त मानेच्या वळ्या, काखा आणि जांघांपुरतं. बाहेर काढलं की जुन्या मऊ पंचात गुंडाळायचं आणि पाणी नुसतं टिपून घ्यायचं. अंग थोडं ओलसर राहिलं पाहिजे. त्या ओलसर अंगावर तीन मिनिटांच्या आत मलम, कारण मलमाचं काम ते पाणी आत कोंडून ठेवण्याचं आहे. आधी अंग कोरडं करून, कपडे घालून, मग सावकाश क्रीम लावायचं, हे मी चार महिने करत होते आणि त्यातलं निम्मं वाया जात होतं.

मलम कसलं, तर अगदी साधं, पांढऱ्या पॅराफिनचं, घट्ट, बिनवासाचं. पातळ लोशनने तिला चुरचुरायचं, मलमाने नाही. वरून खाली, लव ज्या दिशेने असते त्या दिशेने, न चोळता पसरायचं. डब्यात बोट घालायचं नाही, स्वच्छ चमच्याने काढून घ्यायचं, नाहीतर हाताचे जंतू डब्यात जातात. दिवसातून तीन-चार वेळा. मी सुरुवातीला काटकसरीने लावत होते. डॉक्टर म्हणाल्या, अंग चकाकलं पाहिजे. दोनशे ग्रॅमचा डबा आम्हाला दोन आठवडेही पुरायचा नाही.

एक गोष्ट फार कमी जण सांगतात. पॅराफिनचं मलम कपड्यांत, दुपट्यांत मुरतं आणि असं कापड लवकर पेट घेतं, धुऊनही ते पुरतं निघत नाही. आपल्याकडे बाळाला शेगडीवर शेकतात, धुरी देतात, निरांजनाने ओवाळतात. आम्ही शेगडी तिच्या खोलीतून कायमची बाहेर काढली आणि औक्षण सुपारी-अंगठीने केलं.

मावशींना हे सगळं सांगणं मला सर्वांत अवघड गेलं. त्यांच्या हातून या भागातली कितीतरी बाळं न्हाऊन निघाली आहेत. मी म्हटलं, “मावशी, डॉक्टरांनी कढत पाणी नको म्हटलंय, आणि चोळायचंही नाही.” त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवस आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, फोनमधला त्या रक्ताच्या ठिपक्यांचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी आल्या, पाण्यात कोपर घातलं आणि मलाच विचारलं, “एवढं चालेल ना गं?” पंचा घेऊन त्यांचा हात सवयीने पुसायला गेला, थांबला, आणि त्या स्वतःशीच म्हणाल्या, “पुसायचं नाही, टिपायचं.” त्यानंतर रोज टिपताना त्या हेच वाक्य म्हणत राहिल्या, लेकीशी बोलल्यासारखं.

स्टिरॉइड मात्र पूर्ण टळलं नाही. डॉक्टरांनी लाल चट्ट्यांसाठी एक टक्क्याचं हायड्रोकॉर्टिझोन दिलं, मोजून काही दिवसांसाठी. त्या ट्यूबच्या अनुभवानंतर मला भीती वाटत होती. त्यांनी माझ्याच बोटावर दाखवलं: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, रेघेपासून टोकापर्यंत पिळलेलं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ते मोठ्या माणसाच्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मग भीती गेली. मलम सौम्य, जागा ठरलेली, माप बोटावर, दिवस ठरलेले. साधं मलम आणि हे, यांत अर्धा तास सोडायचा. घाबरून अर्धवट लावून सोडून दिलं तर लाली धुमसत राहते, हेही त्यांनी सांगितलं.

संक्रांतीला बोरन्हाण होतं. सासूबाईंनी हौसेने हलव्याचे दागिने आणले होते. साखर आणि दोरा त्या मानेवर लागणार या विचाराने मी धास्तावले, पण नाही म्हणवेना. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: काळ्या सुती कापडाचं पूर्ण बाह्यांचं, बंद गळ्याचं झबलं त्यांनी रात्री बसून शिवलं, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे आत काही टोचणार नाही. दागिने झबल्यावरून. चुरमुरे, बोरं, फोटो, सगळं दहा मिनिटांत. माझ्या आईने विणलेला लोकरीचा स्वेटरही तेव्हापासून सुती अंगरख्यावरूनच घालतो, कारण लोकर थेट अंगाला लागली की खाज सुटतेच.

फेब्रुवारीत एकदा गुडघ्याजवळचा चट्टा ओला झाला, त्यावर मधासारखी पिवळी खपली आली आणि लेक किरकिरी झाली. जंतुसंसर्ग होता, त्याच दिवशी दाखवलं म्हणून लवकर आटोक्यात आला. पू, ताप, अशी पिवळी खपली, किंवा अचानक सारख्या आकाराचे बारीक फोड यांपैकी काही दिसलं तर घरी थांबायचं नाही. ओठावर पाणफोड आलेल्या कोणालाही इसबाच्या बाळाचा पापा घेऊ देऊ नये. ज्या नागीण-जातीच्या विषाणूने ते फोड येतात तो अशा त्वचेवर झपाट्याने पसरतो.

उष्टावणाच्या वेळी सगळे म्हणाले, शेंगदाणा वर्षभर नको. डॉक्टर उलट म्हणाल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप नावाच्या अभ्यासात, इसब जास्त असलेल्या किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केला तर त्याची अॅलर्जी पुष्कळ कमी झालेली दिसली. इसब तीव्र असेल तर आधी तपासणी लागते. आमच्या लेकीला त्यांच्या सल्ल्याने अगदी बारीक कूट पातळ करून, सकाळच्या वेळी, चमच्याच्या टोकावर दिलं. काही झालं नाही. मी माझ्या खाण्यातलं दूध-अंडं बंद करायला निघाले होते, तेही त्यांनी थांबवलं.

उन्हाळ्यात मानेवर घामोळ्या आल्या तेव्हा मी इसब समजून घट्ट मलम थापलं आणि त्या वाढल्या. तिथे उलट करायचं होतं: मोकळे कपडे, पंखा, मलम अगदी पातळ.

आता ती पंधरा महिन्यांची आहे. गाल मऊ आहेत. थंडी पडू लागल्यावर कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या वळीत खडबडीतपणा जाणवला. या वयात इसब वळ्यांमध्ये सरकतो. दोन डबे आणून ठेवलेत, नखं दर तीन दिवसांनी कापते. रात्री ती झोपते, आम्हीही झोपतो.

परवा मावशी आल्या होत्या. पलीकडच्या गल्लीतल्या बाळंतिणीच्या मुलाचे गाल तसेच लाल झालेत म्हणाल्या, मलमाचं नाव कागदावर लिहून मागितलं. मी लिहून दिलं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, आधी डॉक्टरांना दाखवा. मावशींनी कागद घडी करून कनवटीला लावला. जाताना दारात वळून म्हणाल्या, “टिपायचं कसं ते मी दाखवते तिला.”