कुर्लीचं तावदान : तिसरी नोंद

मागची नोंद कागदावरच्या चित्रापाशी थांबली होती. आता रंगीत काचेच्या ५४ तुकड्यांपैकी ४१ कापून झालेत आणि कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, डावी नांगी तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीत बसली आहे. एवढ्याशा नांगीने नऊ संध्याकाळी घेतल्या.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात जी मोठी गोल खिडकी आहे, तिच्यात बारा राशी आहेत. त्यातली कर्क रास मी आमच्या रत्नागिरीच्या घरासाठी करते आहे. नक्कल करायची नव्हती, खेकडा इथलाच हवा होता. म्हणून बाजारातून आणलेली कुर्ली परातीत ठेवली आणि सासूबाई ‘पुरे गो आता, खराब होईल ती’ म्हणेपर्यंत चित्रं काढली. तावदान १८ इंच व्यासाचं, पडवीतल्या पश्चिमेच्या खिडकीत बसेल असं.

गाडी अडली ती पश्चिमेपायीच. पाण्यासाठी मी फिकट निळी काच निवडली होती. टेबलावर ती फार देखणी दिसायची. दुपारी चारला खिडकीशी धरली तर निळं काही उरलंच नाही, नुसता पांढरा झगझगाट. त्यात शिशाची रेघसुद्धा दोऱ्याएवढी बारीक दिसायला लागली. फिकट काच, त्यातही निळी, आपला उजेड शेजारच्या रेघेवर सांडते. लाल काच तो आपल्यापाशीच धरून ठेवते.

मग पुन्हा त्या सभागृहाकडे वळले. विद्यापीठ १८५७चं. सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले आणि १८७४मध्ये ते पूर्ण झालं. शेजारचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८चे. त्यांचा पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, मनोऱ्याला नाव त्यांच्या आईचं. ग्रंथालयातही रंगीत काचा आहेत. दोन्ही इमारतींचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे, आणि हा माणूस हिंदुस्थानात कधी आलाच नाही. त्याची सवय इंग्लंडच्या मळभाची. तरी त्या काळच्या एका प्रवास-मार्गदर्शिकेत या खिडक्यांबद्दल म्हटलं आहे की त्या दिसायला सुंदर आहेतच, शिवाय उन्हाची तिरीप अडवतात. माझं उत्तर तिथे होतं. मी खिडकीतून उजेड आत घेऊ पाहत होते. आपल्या किनाऱ्यावर काचेचं पहिलं काम उजेड आवरणं हे आहे.

तो आवरायचा कसा, हे त्याआधीच्या पिढीने शोधून ठेवलं होतं. अठराव्या शतकात काचेवर रंगाने सरळ चित्रं रंगवत, जणू कॅनव्हासच. चार्ल्स विन्स्टन नावाचे एक वकील मध्ययुगीन काचांच्या नादी लागले आणि त्यांनी जुन्या तुकड्यांचं रासायनिक पृथक्करण करून घेतलं. त्यावरून १८५०च्या दशकात लंडनच्या पॉवेल कारखान्याने पुन्हा जाड, बुडबुड्यांची, आतूनच रंगलेली काच बनवायला सुरुवात केली. रंग वरून दिलेला नाही, वितळत्या काचेतच मिसळलेला: कोबाल्टने निळा, मँगनीजने जांभळा, लोहाने हिरवट. मुंबईच्या खिडक्या त्यानंतर वीसेक वर्षांतल्या. आपल्याकडच्या थिबा राजवाड्यातल्या (१९१०) खिडक्यांवरही रंगीत काचा आहेत, संध्याकाळी जाऊन जरूर बघा.

तर फिकट निळी बाद. आता गडद कोबाल्ट घेतली आहे आणि तिच्यावर तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन भट्टीत भाजायचा विचार आहे.

लालची गंमत वेगळी. तांब्याने रंगलेली लाल काच अखंड जाडीची केली तर काळीच दिसते. म्हणून साध्या काचेवर लालचा पापुद्रा चढवतात. तुकडा आडवा धरून कडेने बघा, दोन थर स्पष्ट दिसतील. हा पापुद्रा खरवडला की खाली पांढरं. कुर्लीच्या पाठीवरचे ठिपके मी असेच काढले, हिऱ्याच्या टोकाने, पाणी सोडत. आम्लाने काम लवकर होतं, पण ते आम्ल घरात आणण्यासारखं नाही. आणू नका.

नांगीच्या आतल्या खोल वळणाला तीन तुकडे गेले. काच तसं वळण घेतच नाही, कापण्यासाठी पाडलेला चर बरोबर असला तरी तडा कोपऱ्यातून निघतो. शेवटी तिथे शिशाची एक जादा रेघ घातली, आणि नांगीचा सांधा आपसूक दिसायला लागला! आता जुन्या खिडक्या बघताना प्रत्येक रेघेपाशी थांबते: ही चित्रासाठी, की काच वाचवायला?

खाऱ्या हवेसाठी एक बदल. मागे आधाराला लोखंडी सळी द्यायची पद्धत आहे, पण इथे ती गंजेल, फुगेल आणि काचच तडकवेल. मी पितळी घेतली. शिशाचं काम स्वयंपाकघरापासून लांब, मागच्या पडवीत; हात धुतल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही हात लावत नाही.

उरले १३ तुकडे, त्यातले दोन पिवळे. पिवळ्यासाठी काचेच्या मागच्या बाजूला चांदीचं संयुग लावून भाजतात. ही युक्ती चौदाव्या शतकापासूनची. जवसाचं तेल आणि खडूच्या भुकटीची पुट्टी सर्वांत शेवटी. दमट हवेत ती वाळता वाळत नाही, म्हणून ती मृगाच्या आधी भरायची आहे. सुतारकाकांनी सागाची चौकट करून दिली आहे. ती सध्या रिकामीच खिडकीत आहे, आणि चारचं ऊन तिच्यातून थेट माजघरापर्यंत येतं.