पैसे वाढवत गेला तेव्हाच कळलं

पुण्यात डेक्कनच्या बाजूला एक छोटं खाजगी थिएटर आहे, शंभरेक खुर्च्यांचं, तिथे मी प्रोजेक्शन बघतो. थिएटर भाड्यानं देतात, कधी कुणाच्या शॉर्टफिल्मचा शो, कधी एखाद्या कंपनीचा कार्यक्रम, आणि महिन्यातून एकदा एक फिल्म क्लब येतो. त्याआधी मी सिंगल स्क्रीनला होतो, कार्बनच्या कांड्या जाळून पडद्यावर उजेड पाडायचे त्या काळात हेल्पर म्हणून लागलो. रामसेंचे भुताचे पिक्चर तेव्हा जोरात चालायचे, 'वीराना' १९८८ चा, त्याला पब्लिक नुसतं ओरडायचं, शिट्ट्या मारायचं, भूत आलं की टाळ्या. भुताचा पिक्चर म्हणजे गोंगाट हेच माझ्या डोक्यात इतकी वर्षं पक्कं होतं.

ऑपरेटर पिक्चर फारसा बघत नाही, त्याला पब्लिक दिसतं. केबिनच्या काचेतून खाली सगळी डोकी दिसतात, कोण चुळबुळ करतंय, कोण वाकून शेजारच्याशी बोलतंय, आणि हल्ली तर सगळ्यात सोपं झालंय, पिक्चर पकड घेत नसला की मोबाईलचे उजेड लागायला लागतात, एक लागला की पाच मिनिटात दहा लागतात. पिक्चर चालला की पडला हे बाहेर येऊन लोक काय बोलतात त्यावरून मी ठरवत नाही, या उजेडांवरून ठरवतो.

तर त्या शनिवारी क्लबनं 'द हाऊस ऑफ द डेव्हिल' लावला होता. २००९ चा अमेरिकन इंडिपेंडंट पिक्चर, टी वेस्ट नावाच्या माणसानं लिहिला, डिरेक्ट केला आणि एडिटही त्यानंच केला. गोष्ट १९८०-९० मधली आणि पिक्चर पण तेव्हाच काढल्यासारखा दिसावा असा बनवलेला, सुरवातीला पोरगी रस्त्यानं चालतीये, मधेच चित्र थांबतं आणि पिवळ्या मोठ्या अक्षरात नावं येतात. कॅमेरा ट्रॉलीवरून पुढे न्यायच्या ऐवजी जागेवरूनच झूम. क्लबमधला एक मुलगा सांगत होता की २०१० सालात यांनी हा व्हीएचएस कॅसेटवर पण काढला होता, जुन्या पद्धतीच्या प्लास्टिकच्या डबीत. (बघायचा असेल त्यांनी इथेच थांबा, पुढे मी सगळं सांगणार आहे.)

सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील तर एक जण केबिनचं दार वाजवत वर आला. काका फोकस बघा ना, सगळं दाणेदार दिसतंय. फोकस एकदम बरोबर होता. त्याला म्हटलं बाबा हा सोळा एमएम फिल्मवर शूट केलेला पिक्चर आहे, त्या फिल्मची चौकट जेमतेम दहा-बारा मिलिमीटर रुंद असते, ३५ एमएमची बावीसच्या आसपास, म्हणजे तेवढ्याशा तुकड्यातून एवढा मोठा पडदा भरायचा तर फिल्ममधले कण दिसणारच. आणि यांना ते दिसायलाच हवे होते. तो म्हणाला म्हणजे मुद्दाम खराब? खराब नाही रे. अंधाऱ्या कोपऱ्यात ते कण सारखे हलत असतात म्हणून त्या कोपऱ्यात काहीतरी आहे असं वाटत राहतं, डिजिटलचा काळा रंग नुसता काळा असतो, त्यात बघण्यासारखं काही नसतं. हे मी त्याला मनापासून सांगितलं कारण आयुष्यभर मी तेच कण पडद्यावर टाकलेत आणि ते गेले याचं मला अजून वाईट वाटतं. तो खाली गेला, पटलं का नाही माहीत नाही.

आमच्याकडे हाउसकीपिंगला एक मावशी आहेत. शो सुटला की झाडून कुलूप लावेपर्यंत त्यांना थांबावं लागतं, वारज्याहून येतात. एरवी बाहेर पायरीवर बसतात पण त्या दिवशी पाऊस होता म्हणून आत येऊन मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इंग्रजी पिक्चर, खाली अक्षरं पण इंग्रजी. मला वाटलं पाच मिनिटं बघतील आणि जातील.

गोष्ट थोडक्यात अशी की कॉलेजातल्या मुलीला खोली घ्यायचीये, भाड्याचे पैसे नाहीत, कॉलेजच्या बोर्डावर बेबीसिटरची जाहिरात बघून फोन करते. मैत्रीण गाडीनं सोडायला जाते. ती मैत्रीण म्हणजे ग्रेटा गर्विग, जिनं पुढे २०२३ ला 'बार्बी' डिरेक्ट केला, ती दिसल्याबरोबर पोरापोरींनी जल्लोष केला. शहराबाहेरचं मोठं घर, दारात उंचच्या उंच म्हातारा, आणि तो सांगतो की लहान मूल वगैरे काही नाहीये, माझी आई वर आहे, तिच्यासाठी थांबायचंय. मुलगी नको म्हणते तर तो पैसे वाढवतो. शेवटी चारशे डॉलर. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. मैत्रीण चिडून निघून जाते, वाटेत गाडी थांबवून सिगरेट पेटवायला बघते, एक अनोळखी माणूस खिडकीशी येऊन लायटर धरतो, तू बेबीसिटर नाहीस का असं विचारतो आणि गोळी घालतो.

जिला बघून जल्लोष केला होता तिलाच. हॉलमधून एकच आवाज आला, श्वास आत ओढल्याचा, सगळ्यांचा एकदम.

आणि त्यानंतर पिक्चरमधे जवळजवळ काहीच होत नाही. मुलगी घरात एकटी फिरते, टीव्ही लावते, कानात वॉकमन लावून नाचते, नाचताना एक फुलदाणी फोडते, पिझ्झा मागवते. एका बंद दाराशी येते, उघडत नाही, पण कॅमेरा आपल्याला दाराच्या पलीकडचं दाखवतो, त्या घरातली खरी माणसं तिथे मरून पडलेली. तिला माहीत नाही, आपल्याला आहे, आणि ती परत सोफ्यावर जाऊन बसते. एवढा सगळा वेळ मी काचेला नाक लावून हॉल बघत होतो. एक मोबाईल लागला नाही. पुढच्या रांगेत एकानं पॉपकॉर्नचा घास तोंडाशी नेलेला तसाच धरून ठेवला होता. ज्या हॉलमधे दर पाच मिनिटांनी कुणीतरी टॉयलेटला उठतं तिथे कुणी उठलं नाही. मावशी तशाच उभ्या, पदर तोंडाशी. रामसेंच्या पिक्चरला हजार माणसं ओरडताना मी बघितलीयेत पण इतकी माणसं अशी गप्प बसलेली मी बघितली नव्हती, माझ्याच हाताला घाम आला.

शेवटी मग रक्त, सैतानाची पूजा, पळापळ सगळं आहेच. दिवे लावले.

बाहेर चहा असतो, तिथे चर्चा सुरू. आणि पहिलंच वाक्य काय, तर स्लो आहे यार. दोघा-तिघांनी माना डोलावल्या, शेवटची वीस मिनिटं भारी, आधीचं सगळं कापता आलं असतं. मला राहवलं नाही, म्हटलं मी वरून बघत होतो, तुम्ही हललात पण नाही. तो म्हणे काका ते काहीतरी होईल म्हणून वाट बघत होतो. बाणेरला एकटी राहणारी एक मुलगी म्हणाली मी आज मैत्रिणीकडे झोपायला जाणार, बास. क्लबमधले एक सर आहेत, ते पिक्चरच्या सुरवातीच्या पाटीवर बोलले. त्या पाटीवर लिहिलेलं होतं की १९८०-९० मधे ७० टक्क्यांहून जास्त अमेरिकन लोकांचा सैतानी पंथांवर विश्वास होता आणि आणखी ३० टक्के पुरावा नाही कारण सरकार लपवतंय म्हणायचे. सर म्हणाले आकडे पिक्चरवाल्यांचे, पण तशी भीती अमेरिकेत खरोखर पसरली होती, कॅलिफोर्नियात मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर १९८३ मधे असे आरोप झाले, केस १९९० पर्यंत चालली आणि एकालाही शिक्षा झाली नाही कारण काही सिद्धच झालं नाही. म्हणजे सैतान नव्हताच, माणसं मात्र वर्षानुवर्षं तुरुंगात आणि कोर्टात.

मावशी कप गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "मला तर त्यानं पैसे वाढवले तेव्हाच कळलं."

सगळे गप्प. एकीनं विचारलं, काय कळलं मावशी?

"आवो, जास्तीचे पैसे देतोय म्हणजे घरात काहीतरी आहे जे सांगितलेलं नाही. आणि त्यात गिराण. गिराणाच्या रात्री कोण कुणाच्या दारात जातंय?"

मग त्यांनी सांगितलं. इथे यायच्या आधी त्या एका ब्युरोतर्फे रात्रपाळीला जायच्या, म्हातारी माणसं सांभाळायला. पुण्यात असं काम किती आहे ते सगळ्यांना माहितीये, मुलं परदेशात नाहीतर बंगलोरला, घरात आजी-आजोबा. कोथरूडला एका घरी एक रात्र बोलावलं, घरचे लग्नाला नाशिकला चाललेले. आजी शांत आहेत, गोळी दिली की झोपतात, तुम्ही फक्त सोबत. ब्युरोचा रेट ठरलेला असताना त्यांनी आपणहून दुप्पट हातावर ठेवले. मावशींना मुलाची फी भरायची होती, घेतले. रात्री दोनच्या सुमाराला आतल्या खोलीचं दार आतून कुणीतरी ठोठावायला लागलं. बाहेरून कडी. आजी झोपलेल्या. मावशी म्हणाल्या माझे पाय उचलेनात. कडी काढली तर आत आजींचा मोठा मुलगा, पन्नाशीचा, डोक्यानं अधू, कपडे ओले झालेले, रडत होता. त्याच्याबद्दल एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"मग काय, धुतलं, कपडे बदलले, भात होता तो खाऊ घातला. सकाळपर्यंत दोघांकडं बघितलं. तो काय करणार होता बिचारा. पण मला कुणी सांगितलं का नाही? त्या न सांगण्याची भीती वाटली. आणखी काय काय सांगितलं नसंल, तेच रात्रभर डोक्यात."

स्लो म्हणणारा मुलगा तरी म्हणालाच, पण मावशी पिक्चरमधे अर्धा तास काही घडत नाही ना.

"रातपाळीत बी काही घडत नाही. तेच तर असतंय."

तो हसला, त्याला पटलं नाही, ठीक आहे, त्याचं मत त्याच्यापाशी. पण मला माझ्या केबिनमधून जे दिसलं होतं त्याचा अर्थ त्या वाक्यानं लागला. सैतान फक्त शेवटाला येतो, त्याच्याआधीचा सगळा पिक्चर म्हणजे गरजेपोटी परक्याच्या घरात रात्र काढणारी मुलगी, आणि ते खरं आहे म्हणून हॉल गप्प होता. मावशींना शेवट आवडला नाही. रक्त आलं आणि माझी भीती गेली म्हणाल्या. मला पण तसंच वाटतं, इतका वेळ धीर धरलेल्या माणसानं शेवटाला घाई केलीये, पण म्हणून त्या आधीच्या तासाची किंमत कमी होत नाही.

निघताना क्लबच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या पुढच्या वेळी आवाज जरा कमी ठेवा, दोन ज्येष्ठ नागरिक दचकले. मी नाही म्हटलं, सरळ. आमच्या साउंड प्रोसेसरवर सात म्हणजे स्टँडर्ड, बहुतेक शोला मी पाच-साडेपाच ठेवतो, याला साडेसहा ठेवला होता. कारण या पिक्चरमधे पायऱ्यांची करकर आणि मुलीची पावलं हेच सगळं आहे, ती ऐकू आली नाहीत तर नुसती एक मुलगी घरात फिरतीये एवढंच उरतं. बाईंनी थोडा विचार केला आणि बरं म्हणाल्या, नोटीसमधे तसं आधी लिहू. मग त्यांनी मावशींना सांगितलं की पुढच्या शोला उभं राहायचं नाही, खुर्चीवर बसून बघायचं, तिकिटाचं काही नाही. मावशींनी विचारलं किती वाजता सुटतो, साडेनऊच्या पुढे वारज्याची बस भरवशाची नसते. तर शो आता सहाऐवजी साडेपाचला ठेवलाय.