एकशे सहाव्या चौकटीतलं नाव

माझ्या बारावीच्या पुस्तकातल्या आवर्तसारणीत १०६ क्रमांकाच्या चौकटीत ‘अनिलहेक्झियम’ असं छापलेलं होतं. एक-शून्य-सहा या आकड्यांवरून बनवलेलं, खरं नाव ठरेपर्यंतचं तात्पुरतं नाव. पुढे मी स्वतः शिकवायला लागले, तोवर प्रयोगशाळेतल्या नव्या तक्त्यावर तिथे ‘सीबोर्गियम’ आलं होतं. दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी विचारते, “हे सीबोर्ग कोण?” क्युरी, आइन्स्टाइन मुलांना लगेच सांगता येतात. सीबोर्ग अजून एकालाही सांगता आलेले नाहीत, आणि त्याची मला खरोखर रुखरुख लागते.

ग्लेन सीबोर्ग यांचा जन्म १९१२ चा, मिशिगनमधल्या इशपेमिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावातला. फेब्रुवारी १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या विद्यापीठाच्या गिलमन हॉलमधल्या ३०७ क्रमांकाच्या खोलीत त्यांनी सहकाऱ्यांसोबत प्लुटोनियम या नव्या मूलद्रव्याची ओळख पटवली, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. १९५१ चं नोबेल त्यांना एडविन मॅकमिलन यांच्यासोबत मिळालं.

मला मात्र त्यांची आठवण होते ती रेडिओवरच्या एका किश्श्यामुळे. ११ नोव्हेंबर १९४५ ला ते रेडिओवरच्या लहान मुलांच्या प्रश्नमंजूषेत पाहुणे होते. एका मुलाने विचारलं, युद्धाच्या काळात आणखी काही नवी मूलद्रव्यं सापडली का? सापडली होती. ९५ आणि ९६. त्यांची जाहीर घोषणा पाच दिवसांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत व्हायची होती. सीबोर्गनी त्या मुलाला खरं उत्तर देऊन टाकलं! जगाला ती बातमी आधी एका मुलाच्या प्रश्नामुळे कळली. शिक्षिका म्हणून मला याहून मोठा मान दिसत नाही.

ही दोन्ही मूलद्रव्यं आधी हाती लागतच नव्हती, कारण तक्त्यातली त्यांची जागाच चुकीची धरलेली होती. युरेनियम तेव्हा टंगस्टनच्या खाली मांडत. १९४४ मध्ये सीबोर्गनी ॲक्टिनियमपासून पुढची सगळी मूलद्रव्यं उचलून वेगळ्या ओळीत, लँथॅनाइडांच्या (लँथॅनमपासून सुरू होणाऱ्या, एकमेकांसारख्या मूलद्रव्यांच्या) खाली ठेवली. त्या हिशेबाने, म्हणजे लँथॅनाइडांसारखे गुण धरून, शोधल्यावर ती सापडली. तक्त्याच्या तळाशी आज ज्या दोन ओळी दिसतात, त्यातली खालची ही.

वर्गात कुणीतरी नागासाकीबद्दल विचारतंच. मी टाळत नाही. तो बॉम्ब प्लुटोनियमचा होता. आणि जून १९४५ मध्ये, बॉम्ब शहरावर न टाकता आधी निर्जन जागी दाखवावा, असं सुचवणाऱ्या अहवालावर सही करणाऱ्या सात जणांत सीबोर्ग होते, हेही सांगते. दोन्ही गोष्टी ऐकल्यावर वर्ग बराच वेळ शांत असतो.

१०६ ला त्यांचं नाव द्यायचं १९९४ मध्ये सुचवलं गेलं, तेव्हा हयात माणसाचं नाव नको म्हणून मूलद्रव्यांची नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती अडून बसली. अमेरिकन केमिकल सोसायटीने माघार घेतली नाही, आणि १९९७ मध्ये नाव मान्य झालं. नोबेलपेक्षाही हा मान मोठा, असं ते म्हणत. १९९९ मध्ये ते गेले.

तास संपता संपता मी फळ्यावर एक पत्ता लिहिते: सीबोर्गियम, लॉरेन्सियम, बर्केलियम, कॅलिफोर्नियम, अमेरिसियम. माणूस, त्याची लॉरेन्स प्रयोगशाळा, बर्कली गाव, राज्य, देश. मुलं एकेक नाव तक्त्यावर शोधत पुढे येतात, आणि बोट १०६ वर टेकलं की कुणीतरी मोठ्याने वाचतं, “सीबोर्ग!”